चढावर दम सोडणारं जुनं डिझेल इंजिन: पंप उतरवण्याआधी

एका वाचकाचं पत्र आलं आहे. त्यांच्याकडे वडिलांच्या काळापासूनचा छोटा मालवाहू ट्रक आहे आणि ते तो आजही स्वतः चालवतात. इंजिन जुन्या पद्धतीचं, चार सिलिंडरचं, कुठेही इलेक्ट्रॉनिक्स नसलेलं. सकाळी एका सेल्फमध्ये सुरू होतं, आयडलला छान चालतं, सपाट रस्त्यावर तक्रार नाही. पण माल भरून लांब चढ लागला की पंधरा-वीस मिनिटांत ताकद कमी होत जाते, गाडी गचके खाते आणि शेवटी बंद पडते. दहा मिनिटं थांबून सेल्फ मारला की पुन्हा सुरू होते, जणू काही झालंच नव्हतं. धूर नेहमीपेक्षा कमीच असतो. दोन्ही डिझेल फिल्टर नवे टाकले, कुठे थेंबभरही गळती नाही. वर्षानुवर्षं गाडी सांभाळणारे मिस्त्री म्हणतात, पंप (इंजिनात दाबाने डिझेल सोडणारा मुख्य पंप) गेला, उतरवून कॅलिब्रेशनला, म्हणजे मोजमाप तपासून जुळवून घ्यायला पाठवू. धाकटा भाऊ म्हणतो, विकून टाक. त्यांचा प्रश्न असा, की पंपाचा खर्च करावा की गाडी काढावी? शेवटी एक ओळ आहे: ‘टाकी भरलेली असली की त्रास कमी वाटतो, पण तो माझा भासही असेल.’

तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची ओळ तुम्ही अशी जाता जाता लिहिली आहे. तिला भास समजू नका. टाकीतल्या डिझेलच्या पातळीनुसार त्रास कमी-जास्त होत असेल, तर पंपाचा त्याच्याशी संबंध असण्याची शक्यता फार कमी. टाकी अर्धी आहे की पूर्ण, हे पंपाला कळत नाही. ते टाकीच्या आतल्या सक्शन पाइपला कळतं. जुन्या टाकीतला हा पाइप वरच्या भागात गंजून चिरतो. डिझेलची पातळी चिरेच्या वर असेपर्यंत सगळं ठीक चालतं. पातळी खाली गेली की त्याच पाइपातून डिझेलबरोबर हवाही ओढली जाते. तुमच्याकडे हेच झालंय असं मी इथे बसून म्हणणार नाही, पण आजपासून गाडी बंद पडेल त्या प्रत्येक वेळी टाकीचा काटा कुठे होता, हे वहीत लिहून ठेवा.

दुसरा चांगला पुरावा धुराचा. डिझेल इंजिनाला हवा कमी पडली, म्हणजे एअर फिल्टर चोंदला किंवा टर्बोचा पाइप सुटला, तर डिझेल अर्धवट जळतं आणि काळा धूर निघतो. डिझेलच कमी पडलं तर काळा धूर येत नाही, नुसती ताकद जाते. फार तर मिसिंग सुरू झाल्यावर पांढुरका धूर दिसतो. तेव्हा तुमच्या इंजिनाला डिझेल पोचत नाही हा मिस्त्रींचा अंदाज मलाही बरोबर वाटतो. माझं म्हणणं एवढंच, की ते कुठे अडतंय हे अजून कोणी पाहिलेलं नाही. (एक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर पंपाचा लिव्हर खरंच शेवटपर्यंत जातो का, हेही एकदा बॉनेट उघडून बघून घ्या. केबल ढिली झालेली असली तरी गाडी चढावर अशीच रडते.)

आता पंपाकडे वळतो, कारण तुमचा सगळा प्रश्न पंप दोषी आहे असं धरून उभा आहे. पंपातला प्लंजर म्हणजे दट्ट्या आणि तो ज्यात सरकतो ते बॅरल, यांच्यामधली फट दोन-तीन मायक्रॉनची असते. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉनचा. एवढ्या नेमक्या बसवणीत झीज झाली की डिझेल आतल्या आत निसटतं आणि दाब तयार होत नाही. जुन्या इंजिनात हे होतं, मिस्त्रींनी ते अनेकदा पाहिलं असेल, म्हणून त्यांचा संशय बिनबुडाचा नाही. पण झिजलेला पंप सगळ्यात आधी कुठे उघडा पडतो? गरम इंजिन सुरू करताना. सेल्फ मारताना पंप अगदी हळू फिरतो, गरम डिझेल पातळ झालेलं असतं आणि निसटायला त्याला भरपूर वेळ मिळतो. असं इंजिन थंडीत सुरू होईल, पण तापल्यावर बंद पडलं तर सेल्फ मारून मारून बॅटरी उतरेल. तुमची गाडी चढावर पूर्ण तापलेली असताना बंद पडते आणि दहा मिनिटांत एका सेल्फमध्ये उठते. दहा मिनिटांत पंप फारसा थंड होत नाही, उलट बंद इंजिनाच्या उष्णतेने काही वेळ तापतच राहतो. माझ्या मते ही साक्ष पंप निर्दोष असल्याकडे बोट दाखवते.

ज्यांचं इंजिन खरंच गरम असताना सुरू होत नाही, त्यांनी रोटरी पंपावर (एकाच फिरत्या भागातून सगळ्या सिलिंडरना डिझेल वाटणारा पंप) गार पाण्यात भिजवलेलं फडकं गुंडाळून थोडं थांबावं आणि मग सेल्फ मारावा. लगेच सुरू झालं तर पंपाचा संशय पक्का होतो. मात्र चालू, तापलेल्या पंपावर थेट थंड पाणी ओतू नका, तो जाम होऊ शकतो. आणि ज्यांचं इंजिन किल्ली काढल्यासारखं एका क्षणात बंद होतं, त्यांनी डिझेल लाइन सोडून आधी स्टॉप सोलेनॉइडची, म्हणजे पंपावरच्या डिझेल बंद-चालू करणाऱ्या विजेच्या खटक्याची वायर बघावी. किल्ली फिरवली की पंपावर ‘टक’ असा आवाज यायला हवा. तुमची गाडी हळूहळू दम सोडते, म्हणून तुमच्यासाठी हा मुद्दा लागू नाही.

‘फिल्टर नवे आहेत’ या वाक्याने तुम्ही स्वतःची समजूत घातली आहे, ती थोडी हलवतो. फिल्टर बदलल्यावर त्रास गेला नाही, याचा अर्थ अडथळा फिल्टरच्या आधी आहे किंवा नंतर, एवढाच. आणि जुन्या फिल्टरचं काय केलंत? तो फेकला नसेल तर करवतीने कापून उघडा. त्यातलं डिझेल काचेच्या बाटलीत ओतून रात्रभर ठेवा. पाणी असेल तर सकाळी तळाशी स्वच्छ थर दिसेल आणि बाटली कलती केली की त्याचे गोळे डिझेलखाली गडगडत जातील. तपकिरी बारीक कण दिसले तर टाकी आतून गंजते आहे. कागदाच्या घड्यांवर काळपट, बुळबुळीत साका असेल तर टाकीच्या तळाशी साचलेल्या पाण्यात जिवाणू आणि बुरशी वाढली आहे. ती डिझेलवरच जगते. बायोडिझेल मिसळलेलं इंधन पाणी जास्त धरून ठेवतं, त्यामुळे बराच काळ उभ्या राहणाऱ्या गाड्या, जनरेटर आणि बोटींमध्ये हा त्रास जास्त दिसतो. अशा वेळी टाकीत बुरशी मारायचं औषध टाकलं की मेलेला सगळा साका फिल्टरकडे येतो, म्हणून टाकी आधी धुवावी आणि दोन-तीन फिल्टर हाताशी ठेवावेत. शिवाय नवा फिल्टर बसवताना जुनी रबरी रिंग वरच्या घराला चिकटून राहिली नाही ना, हेही बघा. रिंगवर रिंग बसली की बाहेरून सगळं घट्ट दिसतं आणि आत हवा जात राहते.

यातूनच तुमचं तिसरं गृहीतक येतं: गळती नाही. ट्रकची टाकी चासीला, इंजिनाच्या खालच्या पातळीवर असते. टाकीपासून फीड पंपापर्यंत (टाकीतून डिझेल ओढून फिल्टरकडे ढकलणारा छोटा पंप) डिझेल ओढून घेतलं जातं, म्हणजे त्या पाइपात दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. वरच्या बाजूला चीर पडलेल्या स्ट्रॉने सरबत पिताना सरबत बाहेर सांडत नाही, तोंडात हवा येते, तसंच इथे होतं. जोड कोरडा ठणठणीत दिसतो आणि तरीही तिथून हवा आत शिरत असते. तेव्हा ‘थेंब नाही’ म्हणजे ‘जोड चांगला’ हे समीकरण फीड पंपाच्या पुढे खरं आहे, मागे नाही. ज्यांची टाकी इंजिनाच्या वर असते, उदाहरणार्थ बरेचसे ट्रॅक्टर, त्यांच्याकडे डिझेल आपल्या वजनानेच खाली येतं, म्हणून तिथे खराब जोड बहुधा गळून स्वतःच दिसतो. त्यांनी हवेपेक्षा आधी टाकीच्या कॉकमधली जाळी तपासावी.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत आणि मला तीच सगळ्यात जास्त हवी आहे. गाडी बंद पडल्यावर नुसता सेल्फ मारून ती सुरू होते, की आधी हँड प्रायमर (हाताने डिझेल पुढे ढकलायचा लिव्हर) मारावा लागतो? लाइनमध्ये हवा भरली असेल तर नुसतं थांबून ती क्वचितच जाते, एअर काढावी लागते. उलट प्रायमरला हात न लावता, फक्त दहा मिनिटं थांबल्यावर गाडी ठीक होत असेल, तर डिझेलच्या वाटेत काहीतरी अडकतंय आणि ओढ थांबली की सुटतंय. पत्राच्या सुरावरून मला दुसरी शक्यता वाटते. पण टाकी भरलेली असताना त्रास कमी, ही खूण पहिलीकडे झुकते. म्हणून दोन्ही तपासायच्या.

अडथळ्याची तपासणी सगळ्यात सोपी, तिथूनच सुरुवात करा. टाकीच्या झाकणात किंवा टाकीवर हवा आत घेणारं छिद्र असतं. ते मातीने बुजलं की डिझेल कमी होत जातं तशी टाकीत पोकळी तयार होते आणि फीड पंपाला ओढ लागेनाशी होते. पुढच्या वेळी चढावर गाडी दमू लागली की सुरक्षित जागी बाजूला घ्या, हँडब्रेक लावा, चाकाला ओट (दगड किंवा ठोकळा) लावा आणि झाकण उघडा. ‘फुस्स’ करून हवा आत गेली आणि त्यानंतर गाडी चढली, तर पाच मिनिटांत निदान झालं. एवढंसं छिद्र महिनाभर नाचवू शकतं.

तसं नसेल तर टाकीतला कचरा. झाकणाच्या सीलचा तुकडा, नरसाळ्यातून पडलेलं पान, फडक्याचा धागा, प्लॅस्टिकचं चिटोरं डिझेलमध्ये तरंगत असतं. हळू चालवताना ओढ कमी, ते लांब राहतं. चढावर ओढ वाढली की येऊन सक्शन पाइपच्या तोंडाला चिकटतं, इंजिन बंद पडलं की सुटून खाली बसतं. तुमच्या गाडीचं वागणं मला याच्याशी फार जुळतं. फीड पंपाकडचा पाइप सोडून, टाकीचं झाकण उघडं ठेवून, टाकीच्या दिशेने हलक्या दाबाने हवा मारा. टाकीत बुडबुड आवाज मोकळा यायला हवा. फिल्टर, पाणी वेगळं करणारं भांडं आणि फीड पंप हे सगळं त्या वेळी लाइनपासून सुटं असू द्या, त्यांच्यातून हवा मारायची नाही. हवा मारल्यावर गाडी चार दिवस चांगली चालली आणि पुन्हा तेच सुरू झालं, तर टाकी उतरवून धुण्याला पर्याय नाही. हवा मारणं हा इलाज नाही, ती फक्त तपासणी आहे.

टाकी खाली उतरलीच आहे तर लाइनमधले सगळे रबरी तुकडे बदलून टाका. जुनं रबर बाहेरून धडधाकट दिसतं आणि आतला थर सुटून पडद्यासारखा लोंबतो. ओढ वाढली की तो पडदा वाट बंद करतो. हात लावून हे कळत नाही, पाइप कापल्यावरच कळतं. नवा घेताना डिझेलसाठी बनवलेलाच घ्या, पाण्याचा नको. बँजो बोल्टचे (पाइपची कडी जोडणारा, आतून पोकळ बोल्ट) तांब्याचे वायसरही नवे घाला.

हवेच्या तपासणीला मिस्त्रींना एक पारदर्शक, डिझेल सहन करणारी नळी लागेल, बोटभर लांबीची. ती आधी फिल्टर आणि मुख्य पंपाच्या मध्ये बसवा आणि एअर काढून इंजिन चालवा. पहिली मिनिट-दोन मिनिटं थोडे बुडबुडे येतातच, ते मोजू नका. त्यानंतर डिझेल काचेसारखं स्थिर वाहायला हवं. राईएवढ्या बुडबुड्यांची रांग थांबतच नसेल, किंवा रेस वाढवल्यावर एखादा लांबट पोकळ तुकडा सरकत जाताना दिसला, तर हवा मागून येते आहे. मग तीच नळी फीड पंपाच्या आधी लावा, मग आणखी टाकीच्या जवळ. जिथे बुडबुडे दिसेनासे होतील, त्या जागेच्या आणि आधीच्या जागेच्या मधला जोड दोषी. थेट टाकीच्या तोंडाशीही बुडबुडे असतील, तर टाकीतल्या पाइपच्या चिरेचा संशय खरा ठरला. ही तपासणी टाकी भरलेली असताना एकदा आणि खाली आलेली असताना एकदा करा, तुमच्या त्या शेवटच्या ओळीचा निकाल तिथेच लागेल.

फीड पंपही तपासायला हवा, तो स्वस्तातला भाग आहे आणि उगीच विसरला जातो. त्याचा फिल्टरकडे जाणारा पाइप सोडून भांड्यात धरा आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. प्रत्येक ठोक्याला डिझेलची जोरकस पिचकारी यायला हवी. नुसतं ओघळत असेल तर आतले वॉल्व्ह किंवा पंपाचा पडदा (डायफ्रॅम) गेला. प्रायमरचा लिव्हर ढिला, बिनजोर लागला तर लगेच पंपाला दोष देऊ नका. कॅम त्या क्षणी वर असेल तर लिव्हरला चालच मिळत नाही. क्रँक एक फेरा फिरवा आणि पुन्हा बघा. पडद्याचा पंप इंजिनाच्या अंगावर असेल तर ऑइलची काठीही बघा. ऑइलची पातळी वाढलेली आणि त्याला डिझेलचा वास, म्हणजे पडदा फाटून डिझेल ऑइलमध्ये उतरतंय. तसं दिसलं तर ऑइल आणि पंप बदलेपर्यंत इंजिन सुरूच करू नका, बेअरिंग जातील.

या सगळ्यावर एक शॉर्टकट आहे: टाकी आणि जुनी लाइन बाजूला ठेवून स्वच्छ डिझेलच्या कॅनवर इंजिन चालवणं. कॅन हौद्यात घट्ट बांधा, सायलेन्सरपासून दूर, केबिनमध्ये कधीच नको. तो शक्य तितका टाकीच्या पातळीला असू द्या. कॅन उंच ठेवला तर डिझेल आपोआप उतरेल आणि हवा घेणारा जोड लपून जाईल. रिटर्न पाइपही कॅनमध्येच सोडा, नाहीतर कॅन बघता बघता रिकामा होईल. मग त्याच चढावर, तेवढाच माल घेऊन जा. गाडी न दमता चढली तर दोष टाकी आणि लाइनमध्ये आहे आणि पंपाचा विषय इथेच संपला.

एअर काढताना इंजेक्टरचे (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे भाग) नट सैल करावे लागतील, तेव्हा एक गोष्ट कृपा करून पाळा. जुन्या इंजिनातही इंजेक्टर शंभर-दोनशे बारच्या घरात उघडतात. अशा दाबाची बारीक धार कातडीतून आत शिरते, जखम टाचणीएवढी दिसते आणि आत बोट गमावण्याइतकी इजा झालेली असते. चालू इंजिनाच्या हाय प्रेशर पाइपची गळती हाताने चाचपू नका, पुठ्ठा धरून बघा. धार लागलीच तर दुखत नसलं तरी त्याच क्षणी दवाखाना. आणि सेल्फ सलग दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मध्ये थांबा.

आता मिस्त्रींचं. तुम्हाला वाटतंय की हे सगळं सांगणं म्हणजे त्यांच्यावर अविश्वास दाखवणं. तसं मांडायची गरजच नाही. त्यांना विचारा, ‘पंप करून आणला आणि टाकीत कचरा तसाच राहिला तर?’ जाणत्या माणसाला हा प्रश्न लगेच पटेल, कारण नुकत्याच दुरुस्त केलेल्या पंपात गंजाचे कण गेले तर तो खर्च पुन्हा होणार. पंपाला वंगण डिझेलचंच असतं. कोरडा किंवा हवा मिसळलेल्या डिझेलवर फिरवला तर चांगला पंपही झिजतो. म्हणजे पंप खराब असो वा नसो, टाकी आणि लाइन आधी नीट करावीच लागणार आहे, आणि मग आधी तेच करून बघण्यात त्यांचाही शब्द खाली पडत नाही. त्यांना वहीतल्या नोंदी द्या: माल किती होता, किती मिनिटांनी दमली, काटा कुठे होता, झाकण उघडल्यावर काय झालं, प्रायमर लागला का. गाडी गॅरेजमध्ये उभी असताना शहाण्यासारखी वागते, हीच त्यांची अडचण आहे. चढावर तिच्यासोबत तुम्ही असता, ते नसतात.

भावाच्या सल्ल्याबद्दल इतकंच, की दोष कळायच्या आधी गाडी विकली तर किंमत पंप गेलेल्या गाडीचीच येईल, मग दोष झाकणाच्या त्या छिद्रातला का असेना. आणि घेणाऱ्याला चढावर बंद पडते हे सांगावं लागेल, माल भरलेला ट्रक चढावर बंद पडणं धोक्याचं आहे. तोवर तुम्हीही पूर्ण माल भरून त्या रस्त्याला जाऊ नका, तपासणीपुरतं गेलात तर सोबत कोणी तरी असू द्या.

झाकण, हवा मारणं, पारदर्शक नळी, फीड पंप आणि कॅन, एवढं सगळं स्वच्छ निघालं आणि गाडी तरीही दमली, तर मिस्त्रींचं म्हणणं मान्य करून पंप उतरवा. तुमचा पंप इनलाइन (प्रत्येक सिलिंडरला वेगळा प्लंजर असलेला) असेल तर उतरवण्याआधी त्याचा ओव्हरफ्लो वॉल्व्ह तेवढा बघून घ्यायला सांगा. त्यातली स्प्रिंग मऊ पडली की आतला दाब राहत नाही आणि लोडवर ताकद जाते, शिवाय तो बाहेरूनच बदलता येतो. पंप पाठवताना नोझलही, म्हणजे इंजेक्टरची फवारणारी टोकंही सोबत पाठवा, दोन्ही एकत्र तपासले तरच मोजमाप खरं येतं. उतरवण्याआधी पंपाच्या फ्लँजवर आणि इंजिनाच्या अंगावर जुळणारी एक रेघ कोरून घ्या म्हणजे टायमिंग (डिझेल सोडण्याची वेळ) परत लावता येईल, आणि पंप परत येईपर्यंत सगळ्या उघड्या पाइपांच्या तोंडांना स्वच्छ टोप्या घालून ठेवा.